मामांची पाटी

ओल्या प्लॅस्टरचा कोमट वास आला की पेणजवळच्या जोह्यातल्या मामांच्या गणपतीच्या कारखान्यातला संगणक आठवतो आणि माझं डोकं फिरतं. नव्वदच्या दशकाची अखेर होती. पडदा आणि यंत्र एकाच खोक्यात असलेला तो संगणक मामांनी ऑर्डरी लिहायला घेतला होता. रोह्याच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून, चार रविवार खपून मी त्यावर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स ही प्रणाली चढवली. संगणकाच्या मासिकाबरोबर तिची सीडी फुकट मिळाली होती. महिन्याभरानं गेलो तर पेणच्या संगणकाच्या दुकानदारानं लिनक्स पुसून विंडोजची चोरीची कॉपी टाकलेली. "फुकटची म्हंजे तुझीच चोरीची असनार," मामा म्हणाले. मी म्हटलं, "मामा, ज्यांनी ती बनवली त्यांनी आपला साचा स्वतःहून सगळ्यांना दिलाय. चोरीची ही विंडोज हाय." "आपला साचा कोन देतं व्हय, येड्या?" शेजाऱ्यानं त्यांच्या मूर्तीवरून साचा उचलला म्हणून मामा सहा वर्षं त्याच्याशी बोलत नव्हते. संगणकाच्या वरच त्यांच्या हातची पाटी होती : साचा चोरणाऱ्यास बाप्पा माफ करणार नाही. त्या पाटीखाली ती कॉपी चार गणपती चालली, आणि मामा दर वर्षी पाटीला नवा रंग देत राहिले. बाप्पाचं मला माहीत नाही, मी अजून माफ केलेलं नाही.