बिनतारी वसतिगृह आणि आमच्या ताई

माझ्या मोठ्या नणंदेइतकी भिंतींवर डूख धरून असलेली बाई मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत दुसरी सापडायची नाही. कुठल्या इमारतीत वायफाय कसं पोचेल याचे आराखडे करणं हा ताईंचा धंदा, त्यामुळे कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढायच्या आधी त्या भिंतीवर बोटं वाजवून बघतात. वास्तुशांतीला गेल्या तर यजमानांची खुशाली राहते बाजूला, आधी लोखंडी कपाट कुठे ठेवलंय ते विचारतात. घाटकोपरला माझ्या माहेरी त्यांनी पहिल्याच भेटीत बाबांची माशांची काचेची पेटी दोन माणसं लावून हलवायला लावली, कारण काय, तर पाणी सिग्नल पितं. त्या बाई पुन्हा येणार आहेत का, असं बाबा अजून मला अधूनमधून विचारतात. माणसांबद्दलही ताईंचं मत फारसं निराळं नाही. माणूस म्हणजे मुख्यतः पाणी, म्हणजेच अडथळा, असं त्यांनी माझ्या डोहाळजेवणात सगळ्या बायकांसमोर सांगितलं होतं, आणि माझ्याकडे बघून 'सध्या तर जास्तच' अशी पुस्तीही जोडली होती.

अशा बाईला उपनगरातल्या एका विद्यापीठाने मुलींच्या नव्या वसतिगृहाचं काम दिलं. मुलींच्या हाताशी इंटरनेटची एकही तार द्यायची नाही, सगळं हवेतून, अशी अट. ऐकणाऱ्याला वाटतं, चला, तारांची कटकट मिटली. ताई म्हणतात, बिनतारी कामालाच जास्त तार लागते, कारण सिग्नल देणाऱ्या प्रत्येक डबीपर्यंत ती न्यावीच लागते. भांडण पेटलं ते या डब्यांवरून. बांधकाम बघणाऱ्या साहेबांना त्या पॅसेजमध्ये हव्या होत्या, मोजक्या आणि एका रांगेत. ताईंना खोल्यांमध्ये हव्या होत्या, दर दोन खोल्यांना एक. "मुली पॅसेजमध्ये राहणार आहेत का?" असं त्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं आणि साहेबांनी ते मनाला लावून घेतलं. शेवटी असं ठरलं की सोमवारी तारांवर प्लास्टर चढायच्या आधी, रविवारी ताईंनी एक मजला चालवून दाखवायचा. चालला तर त्यांचा आराखडा, नाही तर पॅसेज, आणि पुढच्या तीन इमारती दुसऱ्या कुणाला तरी. या कामाच्या भरवशावर ताईंनी पक्की नोकरी सोडली होती. त्या आठवड्यात मी डबा पोचवायला गेले, तर त्या जेवताना जेवणाकडे बघत नव्हत्या.

रिकाम्या मजल्यावर सगळंच झकास चालतं, खरी परीक्षा माणसं भरल्यावर. चोवीस खोल्या, खोलीत दोघी, म्हणजे अठ्ठेचाळीस माणसं हवीत. एवढी माणसं फुकट कुठे मिळतात? नात्यात. वाकोल्याची मंडळी आली, दिंडोशीची आली, सासूबाईंची मालवणची मावशीसुद्धा आली. "माका काय कळणा नाय गो, पण तू बस म्हटलंस तर बसतलंय," असं म्हणून मावशींनी चकल्यांचा डबा मांडीवर घेतला. ताईंनी प्रत्येकाला खोली नेमून दिली, आत चटई टाकली, दार लावून बसायचं आणि अकराला सगळ्यांनी फोनवर व्हिडिओ लावायचा, असं तीनतीनदा बजावलं. पॅसेजच्या टोकाला लॅपटॉप घेऊन ताई, शेजारी हाताची घडी घालून साहेब आणि मागे मी.

पहिली दहा मिनिटं पडद्यावर सगळं हिरवं होतं. मग बारा नंबरची खोली पिवळी झाली, मग लाल, आणि बाकीच्या खोल्या एकेक करून रिकाम्या दिसायला लागल्या. साहेबांनी नुसतं घड्याळ पाहिलं. ताई धावल्या, त्यांच्यामागे मी. बारा नंबरचं दार उघडलं तर आत एकवीस माणसं! दार लावून दोघांनी गप्प बसणं आमच्या घराण्यात आजवर कुणाला जमलेलं नाही. मावशींच्या चकल्यांचा वास मजलाभर पोचला होता, वाकोल्याच्या वहिनी मुलाच्या साखरपुड्याचा व्हिडिओ दाखवत होत्या, आणि एकवीस फोन एकाच डबीच्या गळ्यात पडले होते. एकाचंही चित्र हलत नव्हतं.

"वाट लागली," दिंडोशीचा भाचा म्हणाला.

मागून साहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, मग पॅसेजच ना?"

आता ताई कडाडणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. पण त्या चौकटीत उभं राहून ती गर्दी बघत राहिल्या, आणि मग वळून म्हणाल्या, "चूक माझी आहे. मुलीही हेच करणार. मला चार वाजेपर्यंत वेळ द्या."

साहेबांनी दिला. तोवर मावशींनी त्यांच्या हातात चकली ठेवली होती, तिचाही उपयोग झाला असावा.

पुढचे काही तास ताई जमिनीवर बसून होत्या. एक डबी भरली की तिने नवा फोन भिंतीपलीकडच्या डबीकडे पाठवायचा, अशी त्यांनी सगळी मांडणी बदलली. चारला नातेवाइकांना उलटा हुकूम सुटला, सगळ्यांनी बारा नंबरमध्ये शिरा. हे काम आमच्या लोकांनी मनापासून केलं. पडदा लाल झाला, तसाच राहिला, आणि ताईंनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. मग फोन पलीकडच्या डब्यांवर सरकले, तशा शेजारच्या खोल्या एकेक करून हिरव्या व्हायला लागल्या. साहेब स्वतः गर्दीत घुसले, फोन वर धरून व्हिडिओ लावला, पूर्ण पाहिला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून सही केली.

मंडळी पांगली तेव्हा ताई दिसेनात. त्या बारा नंबरमध्ये चटईवर बसल्या होत्या. मीही शेजारी बसले.

"मी वसतिगृहात चार वर्षं काढली ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा अशी गर्दी रोज व्हायची, पण शेजारच्या खोलीत. मला कुणी बोलावलं नाही, मीही गेले नाही. म्हणून खोलीत दोघीच धरल्या गं. दुसरं काही डोक्यात आलंच नाही."

मला फार वाईट वाटलं. दर सणाला आम्ही त्यांना फोन करतो, 'येताय का' म्हणून विचारतो, काम आहे असं त्या म्हणाल्या की आग्रह करत नाही, आणि खरं सांगायचं तर फोन ठेवताना थोडं सुटल्यासारखंच वाटतं. मी चटई गुंडाळली. येताय का असं या वेळी विचारलं नाही. "ताई, घरी चला," म्हटलं, आणि त्यांची लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून पुढे चालू लागले. त्या मागून निमूट आल्या.