नाथ मध्यावर बसेना

निम्मी मेथी निवडून झाली होती, निम्मी परातीत तशीच पडली होती, आणि प्रियदर्शनी पुन्हा उठून लॅपटॉपकडं गेली. तिच्या सासूबाई अंबूबाईंनी जुडी आपल्याकडं ओढली आणि देठं मोडू लागल्या.

प्रियदर्शनी उंब्रजची लेक. लग्नाआधी साताऱ्यात वेबसाइट करायला शिकली होती. पुढं कोरेगावजवळच्या या गावात सून म्हणून आली. नवरा जयराज पलटणीत, घरी शेत आणि म्हैस, त्यात शिकलेलं मागं पडलं. यंदा मात्र पंचांनी भैरवनाथाच्या यात्रेची वेबसाइट करायची ठरवली, तेव्हा अध्यक्ष लालासाहेब स्वतः घरी आले. गावात शिकलेली सून असताना परगावी कशाला जायचं, असं म्हणाले. पहिलंच काम, तेही नाथाचं. आंघोळ केल्याशिवाय ती लॅपटॉप उघडत नसे.

पहिल्या पानावर नाथाचा फोटो होता. तिच्या फोनवर नाथ अगदी मध्यावर. पण लिंक गावाच्या ग्रुपवर गेली आणि गुरवाच्या साळूबाईनं लेकानं दिलेल्या पाटीएवढ्या टॅबवर पाहिलं, तर नाथ डाव्या अंगाला. आता या गावात कौल लावतात. नाथाच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवायची, मनातलं विचारायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. साळूबाई देवळाच्या पायरीवर बसून येईल त्याला सांगू लागली, नाथानं डावा दिलाय, त्याला हे पसंत न्हाई.

प्रियदर्शनीनं फोटो उजवीकडं सरकवला. साळूबाईच्या टॅबपुरतं जमलं असेल नसेल, तोच खजिनदार नानासोंचा फोन आला. त्यांच्या बारक्या फोनवर नाथाचा अर्धा खांदाच कडेबाहेर गेला होता. पुन्हा मागं घेतला, तर पुन्हा डावा. मग लालासाहेबांचा निरोप आला: संध्याकाळी पंचांची बैठक आहे, तोवर सुधारलं नाही तर पान काढून टाकू. पान निघालं की गावानं साळूबाईचंच खरं धरलं असतं, आणि प्रियदर्शनीच्या हाती पुन्हा कुणी काम दिलं नसतं.

“आत्याबाई, खरंच नाथाला नको आसंल का वो?”

“नाथ कशाला रुसतोय? तुजंच कायतरी चुकलं आसंल, बघ नीट. आन् साळूचं काय घिऊन बसलीस? तिच्या म्हशीनं लाथ मारली तरी ती नाथाचंच नाव घेती.”

हसू आलं नाही. तिनं फोन हातात घेतला, उभा धरला, मग वैतागून आडवा केला. नाथ डाव्या कडेपासून तेवढ्याच अंतरावर राहिला. उजवीकडं मात्र मैदान मोकळं. तेव्हा लक्षात आलं. आपण डाव्या कडेपासूनचंच अंतर मोजून दिलंय, तेही आपल्या फोनच्या मापानं. दुसऱ्याचा पडदा रुंद असला की नाथ डावा, अरुंद असला की उजवा.

तिनं ते अंतर पुसलं आणि सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या ओळींत, फोटोला नवी आज्ञा लिहिली: फ्लेक्स, म्हणजे पडद्याच्या मापानं आतलं मांड, आणि सगळं मध्यावर. फोटो डाव्या कडेलाच जाऊन चिकटला. देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले आणि पहिल्यापासून एकेक ओळ वाचत आली. आज्ञा फोटोला दिली होती. ती द्यायची फोटो ज्या चौकटीत बसतो त्या चौकटीला.

ओळी चौकटीकडं नेल्या. नाथ आडव्या अंगानं मध्यावर आला, पण वरच्या कडेला चिकटून राहिला, कारण चौकटीला उंचीच दिलेली नव्हती. उंची दिली, तसा खालीही आला. फोन उभा धरला, आडवा धरला, लॅपटॉपवर पाहिलं. नाथ मध्येच.

लालासाहेबांना कळवलं. बघून त्यांनी फोन केला.

“आमच्याकडं झ्याक दिसतंय पोरी. पर बैठकीत साळूबाई बोलणार हाय, आन् बायका तिचंच ऐकत्यात.”

“मग तिच्याकडंच जाते, दादा.”

तिनं पदर खोचला, तोंडावर पाणी मारलं. जीव काही जागेवर आला नव्हता; त्या टॅबवर पान अजून तिनं पाहिलंच नव्हतं. बैठकीच्या आत तिला गुरवाच्या आळीत साळूबाईच्या घरी जायचं होतं, तिच्या टॅबवर पान उघडून दाखवायला.