अ‍ॅव्हिसचा जिंपी जॅम

अ‍ॅव्हिस ट्रेंबाथनं जिंपीच्या फळांचा जॅम केलाय हे ऐकलं, तेव्हा हातातला चहा माझ्याच मांडीवर सांडला. जिंपी या कुसळी झुडपाचं पान नुसतं घासून गेलं तरी आमच्या क्वीन्सलंडच्या रानातला दांडगा लाकूडतोड्या लहान पोरासारखा रडतो आणि पाणी लागलं की आग पुन्हा भडकते म्हणून पुढं सहा महिने अंघोळीला घाबरतो. म्हणून इथं प्रत्येकाच्या गाडीत पायांचे केस काढायच्या मेणपट्ट्या असतात. कातडीत रुतलेली कुसळं त्यांनीच उपटायची. दाढीवाले ट्रकवालेसुद्धा दुकानात त्या न लाजता मागतात.

"अगं, वेड लागलंय का तुला?" मी ओरडलो.

"फळ गोड असतं. कुसळं काढली की झालं. तीनदा गाळलाय फडक्यातून."

अ‍ॅव्हिस सत्तरीची. तीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, तेही चुकारांच्या डोक्यात मारल्यासारखे. कृषी प्रदर्शनातली जॅमच्या पहिल्या बक्षिसाची निळी फीत अकरा वर्षं तिचीच होती. गेल्या वर्षी ब्रिस्बेनहून आलेल्या रुपर्ट नावाच्या निवृत्त दंतवैद्यानं आंब्याच्या जॅमवर ती पळवली. तेव्हापासून ही चर्चमध्ये त्याच्या मागच्या बाकावर बसून त्याच्या मानेकडे बघत असे.

फीत परत हवी, तर परीक्षकानं जॅम चाखायला हवा. नाहीतर बरणी बाद. आणि प्रदर्शनाच्या मंडपात परीक्षक नॉर्म गथ्रिज, चाळीस वर्षं रान तुडवलेला गडी, चमचा धरून पुतळा झालेला.

"अ‍ॅव्हिस, मला नातवंडं आहेत गं."

"मग त्यांच्यासमोर भित्रा ठर!" असं म्हणून तिनं स्वतःच तीन चमचे खाल्ले. ती आता कोसळणार म्हणून आम्ही श्वास रोखलेले. तिनं फक्त ओठ पुसले.

नॉर्मनं डोळे मिटून चमचा तोंडात घातला. एक डोळा उघडला. "आईशप्पथ! अजून दे."

आम्ही सगळे आ वासून. खुशीत त्यानं रंग बघायला बरणी उजेडात धरली आणि अशी किंकाळी फोडली, की बक्षिसासाठी आणलेले बैल दोर तोडायला लागले.

अ‍ॅव्हिस पांढरीफटक पडली. फळं तोडताना बांधलेल्या, कुसळं चिकटलेल्या एप्रननंच तिनं बरणी लख्ख पुसली होती. स्वतः मात्र प्रदर्शनाचे ठेवणीतले हातमोजे घालून मिरवत होती.

रुपर्ट मेणपट्टी घेऊन धावला, नॉर्मच्या तळव्यावर दाबली आणि म्हणाला, "आता तरी ही बरणी बाद करा!"

"जॅम आत असतो रे, बाहेर नाही!" नॉर्म गवतावर लोळत गर्जला. "फीत तिचीच! आणि तू, मेल्या, पट्टी हळू ओढ!"

रुपर्टनं ती हळू ओढली नाही.