कुडाळची स्वच्छ हवा

अकरा महिने मी रोज सकाळी आठला कुडाळच्या बाजारपेठेतल्या एका घराचे तीन जिने चढले. गच्चीवर आमचं हवा ओढणारं यंत्र होतं. आदल्या दिवशीचा फिल्टर काढायचा, नवा घालायचा, जुना बर्फाच्या डब्यात ठेवायचा. उतरताना गुडघे कुरकुरायचे. घरमालकीण काकी चहा द्यायची, तेवढंच काय ते सुख.

ढगातलं पाणी शून्याखाली गेलं म्हणून लगेच गोठत नाही. त्याला धरायला एखादा कण लागतो, धुळीचा नाहीतर परागाचा. छोट्या शहराच्या हवेत असे कण किती, ते आम्ही मोजत होतो. फिल्टर शुद्ध पाण्यात धुवायचा, त्या पाण्याचे थेंब गार केलेल्या पट्टीवर ठेवायचे आणि कुठला कधी पांढरा होतो ते डोळे दुखेस्तोवर बघत बसायचं. आमचे थेंब लवकर गोठायलाच तयार नसत. म्हणजे कण जवळजवळ नाहीतच. हे काम चालवणारे पुण्याचे सर खूश, इतकी स्वच्छ हवा म्हणजे बातमीच. याच आकड्यांवर माझी नोकरी आणखी दोन वर्षं वाढणार होती, आणि दुसरी शोधायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

एकदा चष्मा वर विसरला म्हणून दुपारी परत गेले. यंत्राच्या तोंडाला जुन्या सुती साडीचा तुकडा, सुतळीने नीट बांधलेला.

"मी रोज बांधतंय," मागून वर आलेली काकी म्हणाली. "तू येवच्या आधी सोडून ठेवतंय. रस्त्याची केवढी धूळ आत जाता गो. मशीन बिघाडला तर तुझी नोकरी जायत."

पहिल्या आठवड्यापासून बांधत होती. कापड दर रविवारी धूतही होती.

असा संताप आला म्हणून सांगू, पण काढणार कुणावर? मी तिथेच पायरीवर बसले. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. तेही मनात आलं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळी सरांना फोन केला.

"किती दिवसांचं गेलं?"

"सगळंच, सर."

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "ठीक आहे," एवढंच म्हणाले. नोकरी वाढली नाही.

यंत्र खाली उतरवलं त्या दिवशी काकी दारात उभी होती.

"इतक्या महिन्यांत एक दिवस पण बिघाडला नाय मा?"

"नाय काकी. एक दिवस पण नाय."

"मगे," ती समाधानाने म्हणाली. "लक्ष ठेवचा लागता."