लोटन आबांचा बँड आणि युवराजच्या पोरी

लोटन आबांना हळू बोलणं कधी जमलंच नाही. भुसावळच्या रेल्वे संघात ते गोलकीपर होते, तेव्हा त्यांची आरोळी यार्डापर्यंत जायची म्हणे. त्याच संघात डाव्या बाजूनं चेंडू घेऊन सुसाट सुटणारा युवराज म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दोघं पारोळ्याजवळच्या एकाच गावचे, एकाच वर्षी खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागलेले. नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी युवराजच्या आईनं, द्रौपदाबाईंनी, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि पहिला पेढा लोटन आबांच्या तोंडात कोंबला.

एकोणतिसाव्या वर्षी युवराजचा गुडघा गेला. मैदान सुटलं आणि साहेबांनी त्याला गाडी तपासणीत टाकलं. गाडी फलाटाला लागली की खाली उतरायचं, चाकावर हातोडा मारायचा आणि कान द्यायचा. चांगलं चाक खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द. युवराजचा कान असा तयार झाला, की दहा चाकांपलीकडचं दुखणं तो उभ्याउभ्या सांगायचा. पण खेळाडूनं चाकं ठोकत आयुष्य काढावं, याचं आबांना वाईट वाटे आणि ते तसं दर आठवड्याला बोलूनही दाखवत.

मग एकदा जळगावकडच्या एका अंधशाळेत तो बक्षिसं वाटायला गेला. तिथं पोरी फुटबॉल खेळत होत्या. चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. पिशवी सळसळली की पोरी त्या दिशेला धावत. युवराज बक्षिसं वाटायचं विसरून तासभर कुंपणाशी उभा राहिला. परत आल्यावर आबांना म्हणाला, मी ह्यांना शिकवणार.

"भो, डोकं ठिकानावर शे ना?" आबा ओरडले. "ज्यास्ले चेंडूच दिखत नही, त्यास्ले तू काय शिकाडशी?"

युवराज वाद घालणाऱ्यातला नव्हता. त्यानं महिनाभर रोज संध्याकाळी डोळ्यांना रुमाल बांधून रेल्वे कॉलनीत चेंडू खेळवला. दिव्याच्या खांबाला दोनदा धडकला, एकदा शेजारच्या सुमनबाईंच्या वाळवणात शिरला आणि पापड मोडले म्हणून शिव्या खाल्ल्या. सगळी कॉलनी हसली. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल, हे सांगायला नको.

पुढं आबा मुदतीआधीच निवृत्ती घेऊन धुळ्याला देवपुरात राहायला गेले. युवराजच्या बातम्या मात्र येत राहिल्या. आधी जिल्ह्याचा संघ, मग राज्याचा, आणि सोळा वर्षांनी थेट भारताच्या अंध मुलींच्या संघाचा तो प्रशिक्षक झाला. शिकवायची त्याची रीतही जगावेगळी. लाथ कशी मारायची हे दाखवता येत नाही, म्हणून तो पोरीला खाली बसवायचा, तिचे दोन्ही हात स्वतःच्या त्या मोडक्या गुडघ्यावर ठेवायचा आणि चेंडू मारायचा. हाताला कळलं की पायाला कळतं, म्हणायचा. संघात केरळची पोर, मेघालयाची पोर, बंगालची पोर. प्रत्येकीची बोली वेगळी. त्यानं सगळ्यांना अहिराणीचे आठ-दहा शब्द शिकवले. परदेशातल्या मैदानावर केरळची मुलगी "आठे! आठे!" म्हणून इकडे चेंडू मागायची आणि समोरच्या संघाला ओ की ठो कळायचं नाही.

हे ऐकून आबांनी तोंडात बोट घातलं. आपण हसलो होतो याची लाजही वाटली. पण युवराजला एक सल होता, तो त्यानं आबांनाच सांगितला. इतकी वर्षं झाली, पण आपल्या माणसांनी ह्या पोरींचा खेळ कधी पाहिला नाही. पुढच्या वर्षी तो हे काम सोडणार होता. त्याआधी नेपाळच्या संघाशी एक सामना धुळ्यात ठरला, तो त्याच्याच हट्टानं. संघात धुळ्याजवळच्या खेड्यातली समीक्षाही होती. हुकलं, तर पुन्हा काही असा योग येणार नव्हता.

आबांनी मनावर घेतलं. गावोगाव निरोप गेले, टेम्पो भरून माणसं आली, कॉलेजचं मैदान फुललं. आणि खान्देशात कुणाचा मान करायचा तर बँडाशिवाय होतो का? आबांनी झुलाल मास्तरांचा अख्खा बँड आणला आणि अगदी रेषेजवळ बसवला.

शिट्टी झाली आणि बँड दणाणला. माणसं उठून ओरडायला लागली. मैदानात मात्र भलतंच घडत होतं. चेंडूत खुळखुळा असतो, त्याच्यावरच पोरी खेळतात. इथं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. थोडंफार दिसणारीलाही फायदा मिळू नये म्हणून खेळणाऱ्या सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या. पोरी जागच्या जागी हात पसरून गोल फिरू लागल्या. समीक्षा धावली ती कडेच्या फळीवर आदळली आणि खाली बसली. पंचांनी खेळ थांबवला. पुन्हा आवाज झाला तर सामना रद्द, असं बजावलं.

आबांच्या लक्षात आलं. मित्राचा आयुष्यातला एक दिवस, आणि तो आपण आपल्या हौसेनं मातीत घातला. युवराज लंगडत त्यांच्याकडे आला. आता शिव्या देईल तर बरं, असं त्यांना वाटलं. त्यानं आबांच्याच खांद्यावरचा रुमाल काढला, त्यांच्या डोळ्यांवर बांधला आणि त्यांना मैदानात नेऊन उभं केलं.

"चेंडू सोडेल शे. आते धुंड."

आबा चाचपडत निघाले. लोक खो खो हसले. त्या हसण्यात आबांना खुळखुळा ऐकू येईना. चार पावलं गेले, आणि एवढ्या माणसांत आपण एकटे आहोत अशी भीती त्यांच्या पोटात शिरली. ते थांबले. त्यांचा चेहरा पाहून पुढच्या रांगा गप्प झाल्या, मग मागच्या. झुलाल मास्तरांनी सनई मांडीवर ठेवली. तेव्हा कुठं डावीकडून बारीक खुळखुळ आली. आबांचा पाय चेंडूला लागला आणि त्यांना रडू कोसळलं. रोज ह्या भीतीतून पोरी धावतात, आणि धावायला त्यांना युवराजनं शिकवलं.

पुढचा खेळ ज्यांनी पाहिला ते आजही हळू आवाजात सांगतात. हजारो माणसं, पण खोकलासुद्धा नाही. नुसता चेंडूचा आवाज, पोरींचे श्वास, आणि तिकडे जा सांगणारं युवराजचं "तठे, तठे". शेवटच्या मिनिटाला समीक्षाला चेंडू मिळाला. दोघींना चुकवून तिनं डाव्या पायानं मारला. जाळी हलली. शिट्टी वाजली, पण चेंडू बाहेर गेला तरी शिट्टी वाजतेच.

आणि कुणीच ओरडलं नाही. गोल झाल्यावर ओरडायचं असतं, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. गोलामागून दिशा सांगायला ठेवलेली डोळस मुलगी तोंडावर हात दाबून उभी. समीक्षा मान वळवून कान देत राहिली.

"सर," तिनं विचारलं, "गोल झाया का?"

युवराज आबांकडे वळला. त्यानं त्यांना मानेनं खूण केली.

"झाया वं माय!" आबा सगळ्या धुळ्याला ऐकू जाईल असे ओरडले. "गोल झाया!"