लॅपटॉपवरची पालखी

मुलाने त्याचा जुना लॅपटॉप भंगारात द्यायला काढला, तेव्हा मी देऊ दिला नाही. चालणारं मशीन कोणी टाकतं का? बॅटरी मेलेली, म्हणून वायर कायम लावलेली. पण पडदा मोठा, आणि आमच्या हिला मोतीबिंदूमुळे फोनवरचं धड दिसत नाही. मी चौथी शिकलेला माणूस, तरी काळाचौकीच्या आमच्या खोलीत तो लॅपटॉप मीच लावतो, मीच बंद करतो. कोणाला विचारत नाही.

त्या शिमग्याला गावच्या घरचं अंगण शेवटचं होतं. रस्ता रुंद होणार, त्यात अंगण जाणार, हे ठरलेलं. पालखी दारात आली की ओटी भरायचा मान थोरली सून म्हणून हिचा. लग्न झाल्यापासून तिने एकही शिमगा चुकवला नव्हता. त्या वर्षी मात्र खुब्याचं हाड मोडून ती खाटेवर. म्हणाली, "ओटी भरायला जाऊबाई आहे. मला आपली अंगणात उभी राहिलेली पालखी दाखवा, बस."

पुतण्या गावाहून व्हिडिओ कॉल लावणार होता. सकाळी मी लॅपटॉप पुसून काढला. गिरणीत पाळी सुरू व्हायच्या आधी माग पुसायचो, ती सवय. वरून, खालून, कडांनी, फडकं दाबून. मग हळदकुंकू लावलं. देव येणार होता ना त्यात.

दुपारी उघडला, तर नेटच्या खुणेवर लाल फुली.

बंद करून चालू केला. तेच. पासवर्ड टाकावा तर वायफायच्या नावांची यादीच येईना. सून म्हणाली, "बाबा, माझा फोन त्याच वायफायवर चालतोय. म्हणजे लॅपटॉपातच काहीतरी आहे. राहू दे आता, मी आईंना फोनवर दाखवते."

"फोनवर तिला तुझं तोंड दिसत नाही, देव काय दिसणार?"

"अहो बाबा, पण पालखी शेजारच्या दारात आलीय, मेसेज आलाय."

"अख्खा माग खोलून जोडलाय मी. हा मला शिकवणार?"

आतून ही ओरडली, "आता खोलायला बसू नका हो त्याला!"

मी स्टूल घेतलं. वायफायचा डबा दरवाजावरच्या फळीवर. त्याचे दिवे हिरवे होते, म्हणजे तो ठीक होता, हे मला दिसत होतं. पण नुसतं बसून राहणं माझ्याच्याने होईना. तेवढ्यात सून फोन घेऊन हिच्या खाटेपाशी गेली, ते मी पाहिलं नाही. ढोल ऐकू आला, तो मला खालच्या गल्लीतला वाटला. मी बटण दाबलं. डब्याचे दिवे गेले.

आतला ढोलही थांबला.

"अगो, गेलं काय?" हिचा आवाज. "आत्ता तर पायरीशी आली होती."

सुनेने मोबाईलच्या नेटवरून लावून पाहिलं, गावाकडे लागेना. लागला तेव्हा पालखी पुढच्या वाडीला निघून गेलेली. शूटिंगही नाही. ज्या फोनने केलं असतं, तो पुतण्याने आमच्यासाठीच धरला होता.

मला वाटलं, आता ही बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती सुनेला म्हणाली, "चहा ठेव गो. ह्यांनापण दे."

संध्याकाळी मुलगा आला. लॅपटॉपच्या पुढच्या कडेला नखाएवढं बटण होतं, ते त्याने सरकवलं. फुली गेली. "वायरलेसचं बटण आहे, बाबा. पुसताना सरकलं असेल."

पावसाळा संपल्यावर अंगण गेलं. ही आता काठी घेऊन चालते. गॅलरीत बायका जमल्या की सांगते, "जाता नाही आलं, पण ह्यांनी लॅपटॉपवर दाखवली हो मला पालखी. अगदी स्वच्छ. अंगणातल्या फणसाखाली उभी होती, जाऊबाईने ओटी भरली."

तो फणस शिमग्याआधीच रस्त्यासाठी तोडला होता. मी तिला सांगितलं नव्हतं.

खोटं बोलू नकोस, मी काही दाखवलं नाही तुला, एवढं म्हणायला काय लागतं? बायका माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी उठून आत जातो आणि लॅपटॉप पुसत बसतो. पुढची कड तेवढी सोडून.