भिंतीवरचा विसावा

मी रोज सकाळी फिरायला जाते, त्या टेकडीच्या पायथ्याशी काळ्या दगडाची जुनी भिंत आहे. पंचविशीतली एक मुलगी दगडांच्या सांध्यांत बोटं रुतवून त्या भिंतीवरून आडवी सरकत असते. जमिनीपासून जेमतेम हातभर वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पाय न टेकवता परत. वर कधी जात नाही. महिनाभर पाहिल्यावर मला राहवेना. "अगं, चढायचं सोडून ही आडवी कसरत कसली?"

"कड्यावर दम टिकायला हवा ना, काकू," ती भिंतीवरूनच म्हणाली. मग तिनं एक हात सोडला, लोंबता ठेवून झटकला, भाजी धुतल्यावर आपण पाणी झटकतो तसा. चार श्वास घेतले, हात बदलला. "खरी प्रॅक्टिस ही. तिथं मध्येच उतरता येत नाही. लटकल्या जागीच विसावा घ्यायचा."

मी बघतच राहिले. आम्ही बायका सगळं आवरल्यावर बसणाऱ्या, आणि सगळं कधी आवरतच नाही. ही पोर भर कष्टात चार श्वासांची जागा शोधत होती, आणि त्यात तिला जराही चोरटं वाटत नव्हतं.

घरी आल्यावर, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या ह्यांना मी कुशीवर वळवलं. एक हात त्यांच्या पाठीला आधार देऊन होता. दुसरा सैल सोडला, झटकला, चार श्वास घेतले.

"काय झालं गं?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "दम टिकवतेय."